तीन डबे की सहा? कोब्यावरच्या कोटिंगचा हिशेब

(आपल्या पॉडकास्टच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आकडे कानावरून निसटतात, म्हणून इथे ते नीट मांडून दिले आहेत. बाकी बोलणं बऱ्यापैकी जसंच्या तसं ठेवलंय.)

आजचा प्रश्न आलाय तुमसर तालुक्यातून. महिला बचत गटाच्या एका ताईंनी व्हॉइस मेसेज पाठवला. त्यांच्या गटाने कर्ज काढून पोहा तयार करायचं छोटं युनिट टाकलंय. धान घरचं, मेहनत घरची. खोलीत साधा सिमेंटचा कोबा आहे, आणि त्यावर इपॉक्सीचं कोटिंग करायचं ठरलंय. ताई म्हणतात, "दादा, दुकानदार म्हणते तीन डबे पुरते. ठेकेदार म्हणते सहा लागते. आमी कोणाचं खरं मानाव? तीन डब्याचे पैसे काही कमी नाही होत."

खरंच कमी नाही होत. गटाच्या खात्यातले पैसे म्हणजे दहा जणींना उत्तर द्यावं लागतं. जास्त आणले तर पैसे अडकले, कमी आणले तर काम अर्ध्यात. आणि अर्ध्यात थांबलेलं कोटिंग ही साधी गोष्ट नाही, ते पुढे सांगतो. म्हणून आज हा हिशेब शेवटपर्यंत करू. पेन-कागद घेऊन बसा. गणित चौथी-पाचवीतलं आहे, घाबरू नका.

आधी एक प्रश्न: कोटिंग हवंच का?

पुष्कळ लोक सांगतात की खाद्यपदार्थांचा परवाना पाहिजे तर इपॉक्सी लागतंच. तसं नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली परवाना आणि नोंदणीचे जे विनियम २०११ साली आले, त्यांच्या अनुसूची ४ मध्ये स्वच्छतेच्या अटी आहेत. त्यांचा आशय असा की फरशी, भिंती आणि छत चांगल्या स्थितीत असावं, गुळगुळीत असावं, सहज साफ करता यावं, आणि रंगाचे किंवा गिलाव्याचे पोपडे निघत नसावेत. कशाची फरशी करा, हे तिथे सांगितलेलं नाही.

शेवटची अट लक्षात घ्या. पोपडे नकोत. म्हणजे साधा घट्ट कोबा चालेल, पण पातळ फासलेलं आणि सहा महिन्यांत पापुद्रे सुटणारं कोटिंग चालणार नाही. पोह्यात हिरव्या रंगाचा तुकडा निघाला तर गिऱ्हाईक गेलं आणि तपासणीत शेराही पडला. तेव्हा कोटिंग करायचं तर पूर्ण जाडीचं करा, नाहीतर पैसे ठेवून द्या आणि कोबा चांगला घोटून घ्या. मधलं काही करू नका.

ताईंच्या कोब्याची वरची भुकटी सुटते. झाडलं की पांढरी धूळ निघते, आणि ती धूळ मालात जाते. म्हणून त्यांना कोटिंग हवंय. कारण बरोबर आहे. चला पुढे.

पहिली पायरी: माप, आणि तेही टेपने

खोली किती मोठी, असं विचारलं तर ताई म्हणाल्या, "तीस बाय वीस." म्हणजे ६०० चौरस फूट. आपल्याकडे मिस्त्री लोक १०० चौरस फुटाला एक ब्रास म्हणतात, म्हणजे सहा ब्रास. (भंडारा म्हटलं की पितळेची भांडी आठवतात, पण हा ब्रास वेगळा, बरं का.) दुकानदाराने हाच आकडा धरला. पण कोटिंग फक्त सपाट जमिनीवर जात नाही. मी ताईंना टेप घेऊन परत मोजायला लावलं.

एक. भिंतीच्या पायाला सहा इंचांची पट्टी वर न्यायची आहे, म्हणजे धुताना पाणी भिंतीत शिरत नाही. खोलीचा घेर १०० फूट, त्यातून दोन दारांचे आठ फूट वजा. उरले ९२ फूट. गुणिले अर्धा फूट, म्हणजे ४६ चौरस फूट.

दोन. पाणी जायची नाली आहे, १५ फूट लांब, सहा इंच खोल. नालीचा तळ जमिनीच्या मापात आलाच आहे. पण तिच्या दोन बाजू राहिल्या. १५ गुणिले अर्धा गुणिले दोन, म्हणजे १५ चौरस फूट.

तीन. भट्टीचा कोपरा, सहा बाय पाच. धान भाजताना तिथली जमीन तापते. साधं इपॉक्सी साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, तिथे ते टिकत नाही. तो कोपरा सोडायचा. वजा ३० चौरस फूट. तिथे दुसरं काहीतरी, वीट किंवा दगड.

आता बेरीज: ६०० अधिक ४६ अधिक १५ वजा ३०. झाले ६३१ चौरस फूट. म्हणजे ६.३१ ब्रास. मीटरमध्ये हवं असेल तर १०.७६ ने भागा, ५८.६ चौरस मीटर येतात.

इथे फरक थोडाच निघाला, ३१ फुटांचा. पण अरुंद खोली असेल, खांब जास्त असतील, मशीनचे ओटे असतील, तर हाच फरक मोठा होतो. म्हणून अंदाजाने बोलू नका, मोजा.

दुसरी पायरी: जाडी. सगळा घोळ इथेच आहे

दुकानदाराचा हिशेब काय होता? "एका लिटरमध्ये शंभर फूट जाते." ६३१ भागिले १०० म्हणजे ६.३ लिटर. दोन हात मारायचे, म्हणजे १२.६ लिटर. पाच लिटरचा डबा, म्हणून तीन डबे. हिशेबात चूक काही नाही. पण एका लिटरमध्ये शंभर फूट "जाते" याचा अर्थ काय? एका लिटरमध्ये दोनशे फूटही नेता येतं. थर तेवढा पातळ होईल, इतकंच. पोळीचा गोळा तेवढाच, लाटाल तेवढी मोठी.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा की वाळल्यावर थर किती जाड पाहिजे? ही जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन.

आता आजच्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट सांगतो. एक चौरस मीटर जागेवर एक मायक्रॉनचा थर म्हणजे बरोबर एक मिलिलिटर माल. विश्वास नसेल तर गुणाकार करून पाहा. १५० मायक्रॉनचा थर हवा? चौरस मीटरला १५० मिली. ३०० मायक्रॉन हवा? ३०० मिली. कुठलंही सूत्र पाठ करायची गरज नाही.

आता हेच ब्रासमध्ये आणू. एक ब्रास म्हणजे ९.२९ चौरस मीटर. त्यावर १०० मायक्रॉनचा थर म्हणजे ९२९ मिली. आणि रोलरला, ट्रेला, डब्याच्या तळाला थोडा माल चिकटून वाया जाणारच. त्याला सात-आठ टक्के धरले की होतो एक लिटर.

म्हणजे साधा नियम: एक ब्रास, शंभर मायक्रॉन, एक लिटर. वाया जाणारं थोडं यातच आलं. हे घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा म्हटलं तरी चालेल.

ताईंची खोली धुतली जाणार, त्यावर पोती ओढली जाणार, ट्रॉली फिरणार. त्यांनी जे उत्पादन निवडलंय त्याच्या माहितीपत्रकात अशा वापरासाठी दोन हात, प्रत्येक १५० मायक्रॉनचा, असं दिलंय. म्हणजे एकूण ३०० मायक्रॉन. ६.३१ ब्रास गुणिले तीन, म्हणजे १८.९ लिटर. दुकानदाराच्या १२.६ पेक्षा सहा लिटर जास्त. तो खोटं बोलत नव्हता, तो पातळ थराचा हिशेब सांगत होता.

तिसरी पायरी: डब्यात खरा माल किती?

थांबा, अजून एक गोष्ट आहे. वरचा हिशेब त्या मालासाठी बरोबर आहे ज्यातलं काहीच उडून जात नाही. काही कोटिंगमध्ये थिनरसारखा द्रव असतो. तो वाळताना हवेत जातो, आणि जमिनीवर उरतो तो फक्त घन भाग. माहितीपत्रकात याला व्हॉल्यूम सॉलिड्स म्हणतात. १०० टक्के लिहिलं असेल तर जेवढं ओतलं तेवढं राहिलं. ६० टक्के लिहिलं असेल तर लिटरमधले ६०० मिली राहिले आणि ४०० मिली खिडकीतून गेले.

आता दुकानदाराचं "शंभर फूट" परत घ्या. १०० टक्केवाला माल लिटरला शंभर फूट पसरला तर वाळलेला थर १०८ मायक्रॉन होतो. ६० टक्केवाला माल तसाच पसरला तर ६५ मायक्रॉन. डबा दिसायला सारखा, फूट सारखे, थर निम्म्याच्या जवळपास. हे आपल्याला दुकानात कोणी सांगत नाही, कारण आपण विचारत नाही.

त्यामुळे नियमात एक भागाकार वाढवायचा. जे लिटर आले त्यांना घन भागाने भागायचं. ६० टक्केवाला माल असता तर १८.९ भागिले ०.६, म्हणजे साडेएकतीस लिटर लागले असते.

भावही असाच तपासा. समजा एक डबा लिटरला ४०० रुपये आहे, ६० टक्क्यांचा. दुसरा ५५० रुपये आहे, १०० टक्क्यांचा. स्वस्त कुठला? ४०० भागिले ०.६ केलं की ६६७ रुपये येतात. म्हणजे जमिनीवर उरणाऱ्या एका लिटरला पहिला ६६७ ला पडला आणि दुसरा ५५० ला. महाग दिसणारा डबा स्वस्त निघाला.

आणि थिनरबद्दल एक सांगून ठेवतो. काही कारागीर माल "पुरवून" वापरतात, म्हणजे थिनर ओततात. रोलर हलका फिरतो, जागा जास्त भरते, सगळे खूश. पण थिनरने घन भाग वाढत नाही. थर तेवढा पातळ झाला. माहितीपत्रकात जेवढं चालतं म्हणून लिहिलंय त्याच्या वर थेंबही नको.

किलो की लिटर?

आपल्याकडे फरशीचं इपॉक्सी पुष्कळदा किलोवर विकतात. आणि आपण हिशेब केला लिटरमध्ये. इथे माणूस हमखास फसतो. कारण हा माल पाण्यापेक्षा जड असतो. समजा घनता १.४ आहे, म्हणजे एक लिटर माल १.४ किलोचा. मग १८.९ लिटर म्हणजे साडेसव्वीस किलो. कोणी "एकोणीस पाहिजे" म्हणून १९ किलो आणले, तर ते साडेतेरा लिटरच भरले. ३०० च्या जागी थर २१५ मायक्रॉनवर येतो. म्हणून माहितीपत्रकातली घनता पाहायची आणि गुणायची. दुकानात बोलताना आकड्यामागे किलो की लिटर, ते प्रत्येक वेळी म्हणायचं.

चौथी पायरी: कोबा किती पितो?

ज्यांच्या घरी अजून शेणाने सारवतात त्यांना हे सांगायची गरज नाही. दर आठवड्याला सारवलेल्या सपरीला शेणकाला कमी लागतो. बरेच दिवस तशीच पडलेली, भेगाळलेली जमीन असेल तर तेवढ्याच जागेला घमेलंभर जास्त लागतो. कोब्याचंही तसंच. जुना, भुकटी सुटणारा कोबा पहिला हात पिऊन टाकतो. म्हणून रंगाच्या आधी प्रायमर असतो. तो पातळ असतो, आत मुरतो, बारीक छिद्रं भरतो. तो किती लागणार हे माहितीपत्रक नक्की सांगू शकत नाही, कारण तुमचा कोबा त्यांनी पाहिलेला नाही. ते तुम्हालाच शोधावं लागतं.

पद्धत सोपी आहे. आधी जमीन घासून घ्या, वरची कच्ची सिमेंटची पापडी काढा, तेलाचे डाग काढा, धूळ ओढून घ्या. घासायच्या आधी चाचणी करू नका, ती फसवते. मग खडूने एक मीटर बाय एक मीटरचे तीन चौकोन आखा. एक दाराजवळ, एक मधोमध, एक नालीजवळ. प्रायमरचा एकच डबा आणा. त्यातला थोडाच माल, दोन्ही भाग दिलेल्या प्रमाणात वजन करून, मिसळा. रोलर आधी त्यात भिजवून घ्या, कारण कोरडा रोलर स्वतःच बराच माल पितो. आता माल, ट्रे आणि रोलर हे सगळं एकत्र वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा. एक चौकोन एकसारखा ओला दिसेपर्यंत लावा. कुठे सुका पांढरट डाग उमटला तर परत फिरवा. झालं की पुन्हा सगळं काट्यावर. जो फरक आला तेवढे ग्रॅम त्या चौरस मीटरने घेतले.

ताईंनी हे केलं. पोह्याच्या पॅकिंगचा काटा होताच. प्रायमरची घनता १.१ होती. ग्रॅमला १.१ ने भागून तीन आकडे आले: दाराजवळ १२० मिली, मधे १४०, नालीजवळ १९०. सरासरी १५० मिली. नालीजवळचा कोबा रोज भिजतो, तो जास्त झिजलाय, म्हणून जास्त प्यायला.

चौरस मीटरला १५० मिली म्हणजे हिशेबापुरते १५० मायक्रॉनच. आपला नियम लावा: ६.३१ गुणिले १.५, म्हणजे साडेनऊ लिटर प्रायमर.

पाचवी पायरी: खड्डे आणि भेगा

हा भाग लोक विसरतात, आणि माल सगळ्यात जास्त इथेच जातो. एक चौरस मीटरचा खोलगट भाग, सरासरी फक्त दोन मिलिमीटर खोल. डोळ्याला दिसतही नाही. पण दोन मिलिमीटर म्हणजे दोन हजार मायक्रॉन, म्हणजे दोन लिटर! तेवढ्या मालात तेरा चौरस मीटरचा एक हात झाला असता.

खोलगट जागा शोधायला जमिनीवर पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. जिथे साचलं तिथे खडूने गोल करा, पट्टीने खोली मोजा. जमीन मग पूर्ण वाळू द्या. ताईंच्या खोलीत नालीजवळ चार बाय तीन फुटांचा असा भाग निघाला, सरासरी दोन मिलिमीटर. सव्वादोन लिटरच्या आसपास. शिवाय मधोमध तीस फुटांची एक भेग. ती कापून इंग्रजी व्ही अक्षरासारखी करतात. वर १० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर खोल. त्रिकोण असल्यामुळे निम्मं, म्हणजे अर्धा लिटर. दोन्ही मिळून पावणेतीन. म्हणून तीन लिटरचं भरणं धरलं.

हे भरणं रंगाच्या मालाने करायचं नाही. इपॉक्सीमध्ये क्वार्ट्झची वाळू मिसळून जो घट्ट लगदा होतो तो वापरतात. तो स्वस्त पडतो आणि बसतही नाही. दुकानदाराच्या आणि ठेकेदाराच्या, दोघांच्याही आकड्यात हे भरणं नव्हतं.

ओल आणि ऊन

आता आपल्या भागाची गोष्ट. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. बाजूला मालगुजारी तलाव, नाहीतर बांधीत पाणी. पावसाळ्यात जमिनीखालची ओल कोब्यातून वर येते. वरून कोटिंग करून तोंड बंद केलं की ती ओल खालून ढकलते आणि फुगे येतात. मग तीन डबे आणा की तीस, उपयोग नाही.

ओल तपासायला प्लॅस्टिकचा जाड तुकडा घ्या, दीड फूट बाय दीड फूट. चारही कडा चिकटपट्टीने जमिनीला घट्ट चिकटवा. कमीत कमी सोळा तास राहू द्या. काढल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा गडद झालेला दिसला, तर थांबा. नवा कोबा असेल तर निदान २८ दिवस जाऊ द्या आणि मग ही चाचणी करा. पाऊस गेल्यावर जमिनीला वाळायला वेळ द्यावाच लागतो.

दुसरं टोक म्हणजे ऊन. इपॉक्सीचे दोन भाग एकत्र केले की घड्याळ सुरू होतं. ठरावीक वेळात माल लावून झाला पाहिजे, नाहीतर तो डब्यातच दगड होतो. ही वेळ माहितीपत्रकात असते, पण ती एका ठरावीक तापमानाची. ढोबळ नियम असा की दहा अंश वाढले की वेळ निम्मी. समजा २५ अंशाला ४० मिनिटं आहेत. ३५ ला वीस राहिली. नवतप्यात ४५ ला पारा गेला तर दहा. दहा मिनिटांत पाच लिटर कोण लावणार? उरलेला माल फेकायचा. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी काम काढलं तर आपल्या सात-आठ टक्के वाया जाण्याचा हिशेब कोलमडतो. मिसळलेला माल बादलीत एकत्र साठून राहिला तरी तो स्वतःच्या उष्णतेने लवकर घट्ट होतो.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेची थंडीही नको, कारण दहा अंशांच्या खाली बरीच इपॉक्सी नीट धरत नाहीत. फेब्रुवारी बरा. सकाळी दव गेल्यावर सुरू करा, ऊन चढायच्या आत आटपा.

आता डबे मोजू

ताईंच्या उत्पादनात पाच लिटरचा एक किट येतो, चार लिटर रंग आणि एक लिटर हार्डनर.

प्रायमर साडेनऊ लिटर, म्हणजे दोन किट.
पहिला हात साडेनऊ लिटर, दोन किट.
दुसरा हात साडेनऊ लिटर, दोन किट.

एकूण सहा. आणि भरणं तीन लिटर वेगळं.

म्हणजे ठेकेदाराचा सहाचा आकडा बरोबर होता! पण त्याने प्रायमर आणि रंग मिळून सांगितले, आणि फोड करून दिली नाही. दुकानदाराने फक्त रंगाचे सांगितले, तेही पातळ थराचे. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. ताईंना वाटलं एकजण लुबाडतोय. दुकानदाराचं ऐकून तीन डब्यांवर काम काढलं असतं, तर रंगाचा थर फार तर २३८ मायक्रॉन झाला असता, आणि प्रायमर नसल्यामुळे त्यातलाही काही भाग कोब्यानेच प्यायला असता.

लावतानाही हा हिशेब जवळ ठेवायचा. खोलीचे खडूने चार सारखे भाग करा, भिंतीची पट्टी आणि नाली ज्याच्या त्याच्या भागात धरून. एका हाताला दोन किट, म्हणजे प्रत्येक भागाला अर्धा किट: दोन लिटर रंग, अर्धा लिटर हार्डनर. तेवढाच मिसळा आणि तेवढा त्या भागात संपवा. पहिल्या भागातच माल उरला तर थर पातळ लागतोय. कमी पडला तर जाड लागतोय, किंवा जमीन अजून पितेय. चौथ्या भागात पोचून कळण्यापेक्षा पहिल्यात कळलेलं बरं. ओल्या थराची जाडी मोजायला धातूचा दातेरी कंगवा मिळतो, किंमत फार नसते, ठेकेदाराकडे मागा.

शेवटचा किट गरज पडेपर्यंत फोडू नका. न फोडलेला डबा काही दुकानदार परत घेतात, हे आधीच बोलून ठेवा. आणि सगळे डबे एकाच बॅच नंबरचे घ्या. नंतर आणलेल्या डब्याची छटा जरा वेगळी निघते आणि खोलीच्या मधोमध पट्टा दिसतो.

माल अर्ध्यात संपला तर काय होतं, ते सांगतो म्हटलं होतं. दोन हातांमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा, हे ठरलेलं असतं. समजा जास्तीत जास्त चोवीस तास. नागपूर आपल्यापासून साठेक किलोमीटर, पण माल तिथेही संपला असेल आणि तीन दिवस गेले, तर पहिला हात इतका कडक होतो की दुसरा त्याला धरत नाही. मग अख्खी जमीन परत घासा, धूळ काढा, मजुरी परत द्या. एक डबा वाचवायला गेलो आणि दोन दिवसांची मजुरी गेली, असं होतं. तेवढे दिवस पोहा बंद, ते वेगळंच.

आणि हो, काम चालू असताना भट्टी बंद, दारं-खिडक्या उघड्या, हातात मोजे. हार्डनर अंगाला लागून काहींना कायमची ॲलर्जी होते. पोरं-बाळं खोलीत नकोत. आणि जिथे पाणी सांडतं तिथे वरच्या हातात बारीक वाळू टाकायला सांगा, नाहीतर ओल्या फरशीवर पाय घसरतो.

ठेकेदाराच्या कागदावर काय पाहिजे

"चौरस फुटाला एवढे रुपये" एवढ्यावर सही करू नका. कागदावर या गोष्टी लिहून घ्या:

– मोजलेलं क्षेत्रफळ, पट्टी आणि नाली धरून
– प्रायमर चौरस मीटरला किती, आणि कुठल्या चाचणीवरून
– रंगाचे हात किती, प्रत्येक हाताची वाळलेली जाडी किती मायक्रॉन
– मालाचं नाव, घन भाग किती टक्के, घनता किती
– खड्डे-भेगांचं भरणं वेगळं, किती लिटर
– एकूण किट किती, आणि रिकामे डबे आपल्यासमोर मोजून द्यायचे

शेवटची ओळ महत्त्वाची. रिकामे डबे मोजले की किती माल जमिनीत गेला ते कळतं. क्षेत्रफळ माहीत आहे, डबे माहीत आहेत, मग जाडी आपोआप निघते. कोणाशी भांडायची गरज पडत नाही.

ताईंनी हा कागद ठेकेदारासमोर ठेवला. त्याने सहाचे सहा डबे फोड करून लिहून दिले आणि भरण्याचे पैसे वेगळे लावले. गटाच्या बैठकीत कागद वाचून दाखवला, दहाही जणींनी मंजूर केला. काम फेब्रुवारीत धरलंय, आधी प्लॅस्टिकच्या तुकड्याची चाचणी करून.

तुमची जागा वेगळी असेल. गोदाम असेल, दूध संकलनाची खोली असेल, मोटरसायकलचं गॅरेज असेल. आकडे बदलतील, पायऱ्या ह्याच राहतील. टेपने माप, मग जाडी, मग घन भाग, मग कोब्याची तहान, मग खड्डे. आणि विसरायला झालंच तर तेवढं एक वाक्य धरून ठेवा: एक ब्रास, शंभर मायक्रॉन, एक लिटर.

तुमच्याकडेही असा एखादा अडलेला हिशेब असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. आपल्या बोलीत बोला, काही हरकत नाही. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.